मलेरिया एक, मग गोळ्या दोन तऱ्हेच्या का?

प्रश्न : आमच्या सोसायटीशेजारच्या बांधकामावर दोन मजुरांना एकाच आठवड्यात मलेरिया झाला. एकाचे औषध तीन दिवसांत संपले, दुसऱ्याला चौदा दिवस गोळ्या घ्यायला सांगितल्या. सगळ्यांना एकच औषध का देत नाहीत?
— एक वाचक, बंगळुरू

उत्तर : आजाराचे नाव एक असले तरी त्या दोघांच्या रक्तात बहुधा वेगवेगळे परजीवी होते. आपल्याकडे मलेरिया मुख्यतः व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम या दोन जातींमुळे होतो. गडचिरोली, छत्तीसगड, ओडिशा या भागांत दोन्ही एकत्र आढळतात, कधीकधी एकाच रुग्णातही. आणि बंगळुरूच्या बांधकामांवर माणसे देशभरातून येतात.

फाल्सिपेरम मेंदूपर्यंत पोचून जीव घेऊ शकतो. त्याच्यावर क्लोरोक्विन चालेनासे झाल्याची भारतातली पहिली नोंद १९७३ सालची, आसामातली. म्हणून त्याला आर्टेमिसिनिनयुक्त जोडगोळी तीन दिवस आणि प्रायमाक्विनचा एकच डोस देतात. व्हायवॅक्सवर मात्र आपल्याकडे क्लोरोक्विन अजून चालते, तेही तीनच दिवस.

मग चौदा दिवस कशाचे? व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात निपचित पडून राहतात, जमिनीत बी पडून राहावे तसे, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. ताप परतला म्हणजे नवा डास चावलाच असेल, असे नाही. या लपलेल्या परजीवींसाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते.

आता तुमचा मूळ मुद्दा. रक्तातल्या परजीवींपुरते एकच औषध देता येते, कारण जोडगोळी दोन्ही जातींना मारते. इंडोनेशिया आणि पापुआ न्यू गिनीत ती दोघांसाठीही वापरतात. तिथे व्हायवॅक्सही क्लोरोक्विनला दाद देत नाही. एकच औषध देण्याचा मोठा फायदा असा, की तपासणीत फाल्सिपेरमला चुकून व्हायवॅक्स ठरवले, तरी रुग्णाला निकामी औषध मिळत नाही. दुर्गम पाड्यावर आशाताईंनाही एकच साठा सांभाळावा लागतो. मला हा विचार पटतो.

पण खरी अडचण यकृतातच आहे. जोडगोळी तिथल्या निपचित परजीवींना मारत नाही, आणि प्रायमाक्विन सरसकट सगळ्यांना देता येत नाही. ज्यांच्या रक्तात जी-६-पीडी हे विकर कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. ही उणीव जन्मजात असते आणि एरवी जाणवतही नाही. गर्भवतींनाही हे औषध देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दैनिक मात्रा दुप्पट करून सात दिवसांचा पर्यायही सुचवला. टॅफेनोक्विन या त्याच कामाच्या दुसऱ्या औषधाचा तर एकच डोस पुरतो. मात्र ते शरीरात दीर्घकाळ राहत असल्याने त्याआधी विकराचे नेमके मोजमाप हवेच. म्हणून उपचार सोपा करायचा, तर गोळीइतकीच ही चाचणी गावोगाव पोचली पाहिजे.

तोवर त्या दुसऱ्या मजुराकडे लक्ष द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरतो, अंगात बळ येते आणि उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात. त्याला चौदाही दिवस गोळ्या घ्यायला लावा, त्याही उपाशीपोटी नकोत. लघवी गडद तपकिरी झाली, तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.