कवटी सापडली तर आधी दात बघ

माळावर कवटी दिसली की तुम्ही पोरं आधी शिंगं शोधता. शिंगं फसवतात, पोरी. शेळी-मेंढीचं शिंग म्हणजे हाडाच्या खुंटावरची खोळ. उन्हापावसात ती सुटते आणि नुसता खुंट उरतो. मग त्यालाच तुम्ही कुठलं तरी रानटी जनावर ठरवता.

काडीने कवटी उलटी कर आणि वरच्या जबड्याचं टोक बघ. तिथे दात नसतील तर जनावर रवंथ करणारं: गाय, म्हैस, शेळी, हरीण, नीलगाय. दात पडले असतील असं म्हणशील, पण पडलेल्या दाताची खोबण राहते. यांना वर पुढचे दात येतच नाहीत, त्यामुळे खोबणही नसते. शेळी की मेंढी असा वाद झाला तर डोळ्याच्या खाचेपुढे बोट फिरव. उथळ खळगा लागला तर मेंढी; शेळीला तो नसतो.

टोकाला दोन लांब, पिवळे-नारिंगी दात असले तर साळिंदर. सशाच्या वरच्या दातांमागे आणखी दोन इवलेसे दात लपलेले असतात.

सुळे दिसले की लगेच ‘बिबट्या’ म्हणून ओरडू नकोस. बहुतेक वेळा कुत्रंच निघतं. सुळ्यामागच्या वरच्या दाढा एका बाजूने मोज. कुत्र्याला आणि कोल्ह्याला सहा, तोंड लांब. बिबट्याला चारच, त्यातही पहिली आणि शेवटची अगदी बारीक, आणि तोंड आखूड. नर वानराचेही सुळे भीती वाटावी इतके मोठे असतात; पण त्याची डोळ्याची खाच मागून हाडाने बंद असते, कुत्र्या-बिबट्याची उघडी.

मांस चिकटलेल्या डोक्याच्या वाटेला जाऊच नकोस. फाशी रोगाने (अँथ्रॅक्सने) मेलेल्या जनावराचा रोग मातीतही वर्षानुवर्षं टिकतो.

रानटी जनावराची कवटी घरी आणायची नाही, सांबराचं गळून पडलेलं शिंगसुद्धा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा ठरतो, शोभेला ठेवलं म्हणून कुणी सोडत नाही. शेजारी काडेपेटी ठेवून वरून, बाजूने आणि दातांचा असे फोटो काढ, म्हणजे आकार कळतो, आणि वनरक्षकाला दाखव.

कपाळ उभं, सुळे बाकीच्या दातांएवढेच बुटके, अशी कवटी निघाली तर ती माणसाची. काडीसुद्धा लावू नकोस, थेट पोलीस पाटलांकडे जा. आणि फोटो गावाच्या ग्रुपवर टाकू नकोस.