रात्रीची एसटी मध्येच हॉटेलवर का थांबते?

प्रश्न : आम्ही वेल्हे तालुक्यातले. नसरापूर, भोर, फार तर स्वारगेट, यापलीकडे एसटीने कधी गेलो नाही. आता मुलीला शिक्षणासाठी जळगावला सोडायला जायचे आहे. रेल्वेचे आरक्षण मिळाले नाही. सोबत माझी ७७ वर्षांची आई आणि पत्नी असेल. रात्रभराच्या गाडीत नेमके काय काय होते? आणि स्टँड सोडून गाडी आडरानातल्या हॉटेलवर अर्धा तास का थांबवतात?
– एक वाचक, वेल्हे

उत्तर : आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेतो. हॉटेलवरचा तो अर्धा तास चालकाचा आहे. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याप्रमाणे चालकाकडून सलग पाच तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. त्याआधी त्याला किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागते. रात्री उशिरा बहुतेक स्टँडवरची उपाहारगृहे बंद असतात, म्हणून महामंडळाने मंजूर केलेल्या हॉटेलांवर गाडी थांबते. काही प्रवासी तेव्हा कुरकुर करतात, "मास्तर, काढा की लवकर" म्हणून मागे लागतात. तुम्ही तसे करू नका. समोरून येणाऱ्या ट्रकांचे दिवे रात्रभर ज्याच्या डोळ्यांवर येतात, त्याला निवांत जेवू द्यावे, तोंडावर पाणी मारू द्यावे. गाडीतल्या सगळ्यांच्या जिवासाठी ते गरजेचे आहे.

खाली उतरण्यापूर्वी मात्र गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे पाठ करा किंवा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. अशा थांब्यावर एकाच वेळी चार-पाच लाल गाड्या ओळीने उभ्या असतात. झोपेतून उठलेल्या माणसाला सगळ्या सारख्याच दिसतात आणि तो सरळ भलत्याच गाडीत जाऊन बसतो. निघताना वाहक आतला दिवा लावून एकेक बाक पाहत मागेपर्यंत जातो आणि शेजारच्याला विचारतो, "तुमच्या बाजूचे आले का?" म्हणून शेजारच्याशी दोन शब्द आधीच बोलून ठेवावेत. आईंना एकट्याने उतरू देऊ नका. गाडीत स्वच्छतागृह नसते, त्यामुळे गरज वाटो न वाटो, मोठ्या स्टँडवर आणि या थांब्यावर जाऊन यावे. मध्येच अडचण झाली तर संकोच न करता वाहकाला सांगा. सुरक्षित जागा बघून ते गाडी थांबवतात.

आता गाडी कुठे पकडायची ते बघू. तुमच्याकडची गाडी स्वारगेटला सोडते आणि बरेच जण तिथेच जळगावची गाडी शोधत बसतात. नाशिक, खानदेश, विदर्भाकडच्या गाड्या शिवाजीनगर आगाराच्या. मेट्रोच्या कामामुळे ते स्थानक वाकडेवाडीला हलले. स्वारगेटहून मेट्रोने शिवाजीनगरला उतरा, पुढे रिक्षा करा. वेल्ह्यातून निघताना हातात भरपूर वेळ ठेवा. खेड शिवापूरचा टोलनाका आणि कात्रज, नवले पुलाकडची कोंडी यांचा काही नेम नाही. शनिवार-रविवारी राजगड, तोरण्याहून परतणाऱ्यांच्या गाड्यांनी संध्याकाळी महामार्ग भरलेला असतो, तेव्हा जमल्यास मधला वार धरा.

पाटी वाचताना नुसते 'जळगाव' बघू नका, त्याखालचे 'मार्गे' वाचा. जळगावला छत्रपती संभाजीनगर, सिल्लोडवरून जाता येते, तसे मालेगाव, धुळ्यावरूनही. रस्ता बदलला की वेळ बदलते, भाडेही बदलते, कारण एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यांवर मोजतात. संभाजीनगरकडून जाणारी गाडी मिळाली तर मुलीला एक गोष्ट जरूर सांगा. १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेली. त्या दोन शहरांमधूनच तुमचीही गाडी जाईल.

आरक्षण आधीच करा आणि जागा निवडताना आईंचा विचार करा. मागच्या चाकाच्या पलीकडचे बाक टाळा. गाडीचा तो भाग चाकाच्या मागे लांब बाहेर आलेला असतो, त्यामुळे चाकाला बसलेला छोटा हादरा शेवटच्या बाकावर मोठा होऊन पोहोचतो. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधले बाक सगळ्यात बरे. ज्यांना गाडी लागते त्यांनीही तिथेच बसावे आणि नजर लांब रस्त्यावर ठेवावी. गाडी लागते ती डोळे आणि कान यांचे एकमेकांशी जुळत नाही म्हणून. कानाच्या आतल्या भागाला हालचाल कळत असते आणि मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात की सगळे स्थिर आहे. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि निघण्यापूर्वी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. रात्री खिडक्यांच्या फटींतून गार वारा येतो, तेव्हा शाल आणि कानटोपी डिकीतल्या बॅगेत ठेवू नका. मुलीची प्रमाणपत्रे, आईंची औषधे, पैसे हेही मांडीवरच्या पिशवीत.

तिकिटाचे म्हणाल तर पत्नीला आणि मुलीला निम्मे भाडे, ही सवलत मार्च २०२३पासून आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास ऑगस्ट २०२२पासून मोफत आहे, पण आईंचे आधार कार्ड हाताशी हवे. पूर्ण तिकीट तेवढे तुमचे. ते उतरेपर्यंत जपा. एक तर तपासनीस केव्हाही चढतात. शिवाय गाडी बंद पडली तर वाहक त्याच तिकिटावर मागून येणाऱ्या एसटीत बसवून देतो. अशा वेळी घाबरून रस्त्यावरच्या कोणत्याही खासगी गाडीला हात करू नका. वाहकाजवळच थांबा.

वाटेत एखाद्या स्टँडवर गाडी बराच वेळ उभी राहील आणि वाहक कागद घेऊन खिडकीकडे जाईल. तो वाहतूक नियंत्रकाकडे गाडीची नोंद करायला गेलेला असतो. चहा प्यायचा असेल तर तो परत यायच्या आत. बसल्याबसल्या 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' ही अक्षरे कुठे आहेत ते एकदा बघून ठेवा, मुलीलाही दाखवा. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि मी ते कधी चुकवत नाही.

परतीची गाडी पहाटे वाकडेवाडीला पोहोचली तर मेट्रो सकाळी सहाशिवाय सुरू होत नाही. आई दमलेल्या असतील, तेव्हा उजाडेपर्यंत स्थानकातच बसा आणि मग स्वारगेट गाठून आपल्या भागाची गाडी धरा. वेल्ह्याची गाडी लगेच नसेल तर भोर किंवा साताऱ्याच्या बाजूला जाणाऱ्या साध्या गाडीने चेलाडी फाट्यावर उतरा. विनाथांबा गाडी तिथे थांबणार नाही, म्हणून चढण्यापूर्वी वाहकाला विचारून घ्या.