लहान चित्र, मोठा पडदा

रायपूर शहरातील बूढापारा हा मोहल्ला बूढा तलावाच्या काठी वसलेला आहे. किशोरवयीन नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, 1877 ते 1879 या काळात आपल्या वडिलांसमवेत रायपुरात राहिले होते. त्या स्मरणार्थ या तलावास विवेकानंद सरोवर हे नाव मिळाले. याच परिसरात माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. सप्रे मराठी भाषक होते. 1900 साली पेंड्रा येथून त्यांनी रामराव चिंचोलकर यांच्यासह ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, आणि त्याचे प्रकाशक वामन बळीराम लाखे हेही मराठी भाषकच होते. अशा मासिकांची पाने, घराघरांतील पिवळी पडलेली छायाचित्रे, समारंभांच्या चित्रफिती हा परप्रांतात स्थिरावलेल्या समाजाचा खरा दप्तरखाना होय. हा ठेवा हळूहळू संगणकात उतरू लागला आहे. परंतु ज्या काळी त्यातील बराचसा भाग उतरविला गेला, त्या काळची साधने अल्प विभेदनाची होती, आणि आता तीच लहान चित्रे अतिसूक्ष्म बिंदूंच्या मोठ्या पडद्यावर पाहिली जातात. तेव्हा पाहणाऱ्यास एक चमत्कारिक अनुभव येतो. पडदा नवा, महाग आणि अधिक सूक्ष्म; चित्र मात्र जुन्या पडद्यावर दिसत होते त्याहूनही धूसर. हा दोष कोणाचा?

या प्रश्नाचे उत्तर पडद्याच्या घडणीत आहे. काचेच्या नळीच्या जुन्या पडद्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीमागून ओळ चित्र रेखाटीत असे. रंगीत नळीत जाळी असली तरी चित्राची एक ओळ म्हणजे पडद्याची एक ओळ असे पक्के बंधन तिथे नव्हते. ओळी कमी असोत वा अधिक, झोत तेवढ्या अंतराने फिरविला की काम भागे. द्रवस्फटिकाच्या सपाट पडद्याचे तसे नाही. त्यावरील चित्रबिंदू कारखान्यातच ठरलेले असतात. त्यांची संख्या वाढत नाही, घटत नाही, आणि अर्धा बिंदू उजळणे ही गोष्टच संभवत नाही. 3840 स्तंभ व 2160 ओळींच्या पडद्यावर 82,94,400 बिंदू असतात, आणि येणाऱ्या प्रत्येक चित्राला या घरांत बसावेच लागते.

1920 गुणिले 1080 बिंदूंचे चित्र या पडद्यावर आले तर हिशेब सोपा आहे. दोन्ही दिशांना प्रमाण बरोबर दुप्पट. म्हणून मूळच्या एका बिंदूच्या जागी एकाच रंगाचे चार बिंदू मांडले की झाले. 1280 गुणिले 720 च्या चित्रासाठी प्रमाण तिप्पट, आणि एका बिंदूचे नऊ बिंदू. अडचण येते ती अपूर्णांकात. कित्येक वर्षे सामान्य लॅपटॉपचा पडदा 1366 गुणिले 768 बिंदूंचा असे. अशा पडद्याचे चित्र 2160 ओळींवर पसरायचे तर प्रत्येक ओळीच्या वाट्याला 2.8125 ओळी येतात. केवळ पुनरावृत्तीने हे साधायचे असेल तर दर सोळा ओळींपैकी तेरा ओळी तीन वेळा आणि तीन ओळी दोन वेळा मांडाव्या लागतील. एकूण 624 ओळी तिप्पट आणि 144 ओळी दुप्पट होतील.

रोमन लिपीपेक्षा देवनागरीच्या वाचकाला हा भेदभाव अधिक जाचतो, आणि त्याचे कारण शिरोरेषा आहे. मूळ चित्रात सर्व शिरोरेषा एक बिंदू जाडीच्या असतील, तर मोठ्या चित्रात काही शब्दांवरची रेषा तीन बिंदू जाड आणि काहींवरची दोन बिंदू जाड होते. डोळा आडव्या रेषांच्या मालिकेतील असा फरक चटकन टिपतो. पान असमान शाईने छापल्यासारखे दिसू लागते.

यावरचा उपाय म्हणजे अंतर्वेशन. नव्या बिंदूला एखाद्या जुन्या बिंदूची नक्कल मानण्याऐवजी शेजारच्या बिंदूंच्या तेजाची, अंतराच्या प्रमाणात, सरासरी काढावयाची. समजा, शिरोरेषेचे तेज 40 व कागदाचे 200 आहे. या दोन बिंदूंमधील अंतराच्या पहिल्या चतुर्थांशावर येणाऱ्या नव्या बिंदूला शिरोरेषेचा तीनचतुर्थांश व कागदाचा एकचतुर्थांश वाटा मिळेल, म्हणजे 30 अधिक 50, एकूण 80. मधोमध 120, आणि पुढे 160. जाडीतील असमानता नाहीशी झाली खरी, पण जिथे काळे संपून पांढरे सुरू होत होते तिथे आता करड्या छटांचा उतार आहे. वाचकाला जो धूसरपणा जाणवतो तो हाच.

दोनऐवजी अधिक शेजाऱ्यांचा विचार केल्यास उतार तीव्र करता येतो. रॉबर्ट कीझ यांनी 1981 साली मांडलेल्या त्रिघाती पद्धतीत सोळा बिंदू विचारात घेतले जातात. हंगेरीत जन्मलेले गणिती कॉर्नेलियस लान्झोश यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत त्याहूनही दूरचे शेजारी धुंडाळते. या पद्धतींत दूरच्या बिंदूंना ऋण वाटा दिलेला असतो. त्यामुळे कडा रेखीव होतात. मात्र काळ्या रेषेलगत कागदाहूनही उजळ अशी एक किनार उमटते. छायाचित्रात ती सहसा खपून जाते. अक्षरांच्या पानावर ती प्रभावळीसारखी दिसते आणि थोड्याच वेळात डोळे थकविते.

हे सारे गणित करते कोण, हा प्रश्न सामान्य वाचकाला सुचत नाही, पण तोच व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. कधी चित्र दाखविणारी आज्ञावली, कधी संगणकाचे चित्रकार्ड, तर कधी खुद्द मॉनिटरमधील एक लहानशी चिप ते करते. यांतील शेवटची पुष्कळदा सर्वांत आडमुठी असते. प्रमाण बरोबर दुप्पट असले आणि साध्या पुनरावृत्तीने चोख काम झाले असते, तरीही अनेक मॉनिटर सवयीप्रमाणे सरासरीच काढतात व विनाकारण चित्र धूसर करतात. चित्रकार्डांच्या प्रमुख निर्मात्यांनी पूर्णांकी विवर्धनाची सोय 2019 पासून देऊ केली. इतक्या साध्या गोष्टीला इतका उशीर का लागावा, हे समजणे कठीण आहे.

डोळ्याच्या मर्यादेचाही येथे उपयोग होतो. निकोप दृष्टीला सुमारे एक कलामिनिट कोनाइतका तपशील वेगळा दिसतो. 60 सेंटिमीटर अंतरावर तो सुमारे 0.17 मिलिमीटर भरतो. 27 इंची, 2160 ओळींच्या पडद्यावर एक बिंदू सुमारे 0.16 मिलिमीटरचा असतो. म्हणजे एका बिंदूची चूक डोळ्याच्या उंबरठ्यावरच येते, आणि पडदा जितका दाट तितकी अपूर्णांकाची लबाडी झाकली जाते.

रायपूरच्या संदर्भात दूरचित्रवाणीचा विचार टाळता येत नाही. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात उपग्रहाद्वारे सुमारे 2,400 खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम पोहोचविण्याचा जो प्रयोग झाला, त्यासाठी निवडलेल्या सहा राज्यांत मध्य प्रदेश होता, आणि तेथील खेडी रायपूरच्या परिसरातील होती. भारतीय दूरचित्रवाणीचे चित्र 625 ओळींचे. त्यांपैकी संगणकात उतरतात त्या 576. 2160 ला 576 ने भागले की 3.75 येतात. शिवाय हे चित्र चारास तीन या प्रमाणाचे असल्याने पूर्ण उंचीवर त्याची रुंदी 2880 बिंदूच होते, आणि दोन्ही बाजूंस 480 बिंदूंच्या काळ्या पट्ट्या उरतात. त्या पट्ट्या नकोत म्हणून चित्र आडवे ताणणे हा प्रकार घरोघरी चालतो. त्याने माणसे बुटकी आणि चेहरे पसरट होतात. त्यापेक्षा पट्ट्या केव्हाही बऱ्या.

आता यंत्रशिक्षणावर आधारलेल्या नव्या पद्धती आल्या आहेत. त्या सरासरी काढीत नाहीत. लाखो चित्रे पाहून शिकलेल्या अनुभवावरून हरवलेला तपशील कल्पनेने भरतात. फळ डोळ्यांना सुखावणारे असते, आणि धोकाही तिथेच आहे. 2020 साली ड्यूक विद्यापीठातील संशोधकांच्या अशा एका आज्ञावलीला बराक ओबामा यांचे मोजक्या बिंदूंचे चित्र दिले असता तिने एका गोऱ्या पुरुषाचा रेखीव चेहरा काढून दिला. आजोबांच्या छायाचित्रात असे घडले तर घरातील तरुण पिढीला ते कळणारही नाही. जुन्या पानावरील अनुस्वार मूळ चित्रात दोन गुणिले दोन बिंदूंचा असेल, तर तो अनुस्वार की कागदावरचा डाग, हे चारच बिंदूंवरून ठरवावे लागते. सरासरीची पद्धत ती शंका शंकाच ठेवते. शिकलेले यंत्र मात्र निर्णय देऊन टाकते, आणि निर्णय दिल्याची खूण मागे ठेवीत नाही. म्हणून ग्रंथालयाने मूळ धारिका न बदलता जपावी आणि विवर्धन केवळ पाहण्यापुरते करावे, हाच मार्ग योग्य म्हणावा लागेल.

पाहण्यापुरते करताना 576 ओळींच्या चित्रासाठी दोन वाटा आहेत. एक, बरोबर तिप्पट करून 1728 ओळींवर थांबणे व वर-खाली 216 ओळींचा समास सोडणे. दुसरी, पुनरावृत्तीने चौपट, म्हणजे 2304 ओळी करून मग सरासरीने 2160 पर्यंत खाली आणणे. दुसऱ्या वाटेने धूसरपणा मूळ बिंदूंच्या कडांपुरताच, पडद्याच्या एखाद्या बिंदूएवढ्या जागेत राहतो.