वडिलांच्या खात्याची किल्ली वडिलांकडेच राहावी

आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंच्या घरी गल्ल्याची किल्ली आजही वडिलांकडे असते, पण मोबाईलचा पासवर्ड मात्र मुलाच्या डोक्यात असतो. २०१६ साली यूपीआय आले, १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि २०२० पासून उद्यम नोंदणीही आधारच्या ओटीपीवर होऊ लागली. ज्यांनी आयुष्यभर उधारीचा हिशेब तोंडपाठ ठेवला, त्यांना आज स्वतःच्याच खात्यात शिरण्यासाठी मुलाला हाक मारावी लागते. मुलगा कामासाठी आखातात गेला की व्यवहार अडतो.

मुलाने सगळे पासवर्ड आपल्याकडे घ्यावेत, हा यावरचा सोपा वाटणारा उपाय. आम्हाला तो मान्य नाही. खाते ज्याच्या नावाचे, जबाबदारी त्याची. ग्राहकाने स्वतः पासवर्ड किंवा पिन दुसऱ्याला दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केले. मुलाने दुकानाचे खाते पाहावे अशी वडिलांची इच्छा असेल, तर बँकेत रीतसर अर्ज देऊन त्याला तसा लेखी अधिकार द्यावा.

मुलाने करावयाची मदत वेगळी आहे. प्रथम एक लहान वही घ्यावी. पासवर्ड कागदावर लिहू नये, असे आपण नेहमी ऐकतो. परंतु दूरवर बसून फोन करणाऱ्या ठगाला आपल्या कपाटातील वही दिसत नाही. दहा खात्यांना एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा वही कितीतरी बरी. प्रत्येक पानावर खात्याचे नाव, वापरनाव, पासवर्ड आणि कोणता मोबाईल क्रमांक जोडला आहे, एवढे वडिलांच्याच हाताने लिहावे. मग ते उर्दूत लिहोत की मराठीत. वही घरी कुलपात ठेवावी, गल्ल्यात नव्हे. तिचा फोटो मोबाईलमध्ये घेऊ नये. यूपीआय आणि एटीएमचा पिन मात्र वहीतही लिहू नये.

पासवर्ड लांब असावा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये लांबीला महत्त्व दिले आणि ठराविक मुदतीने पासवर्ड बदलण्याची सक्ती नको असे सांगितले. वडिलांच्या ओळखीचे, पण एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडले की काम होते. संकेतस्थळाने मागितलाच तर एखादा अंक व चिन्ह घालावे. दुकानाचे नाव आणि पुढे ७८६, हा पासवर्ड आपल्यात इतका प्रचलित आहे की ठगाने पहिला अंदाज तोच करावा!

सुरुवात ईमेलपासून करावी. पासवर्ड विसरला की नवा करण्याचा निरोप ईमेलवर किंवा मोबाईलवर येतो. म्हणून ईमेल आणि सिमकार्ड ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती बाकीची खाती जायला वेळ लागत नाही. ईमेलचा पासवर्ड इतर कोठेही वापरू नये आणि जोडलेले सिम रिचार्जअभावी बंद पडू देऊ नये.

जीएसटीबाबत तर अनेक घरांत वडिलांना वापरनावही ठाऊक नसते. नोंदणीच्या वेळी सल्लागाराने सोयीसाठी स्वतःचा मोबाईल आणि ईमेल दिलेला असतो. त्याच्याशी बिनसले किंवा त्याने काम सोडले, की ओटीपी त्याच्याकडे आणि विवरणपत्राचा विलंब आकार आपल्याकडे! संबंध चांगले आहेत तोवरच पोर्टलवर वडिलांचा क्रमांक घालून घ्यावा. सल्लागार सहकार्य करीत नसेल, तर ओळखीची व धंद्याची कागदपत्रे घेऊन आपल्या विभागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे अर्ज करावा; तेथून क्रमांक व ईमेल बदलून मिळतो.

हे सर्व एका बैठकीत शिकवू नये. एका दिवशी एक खाते घ्यावे आणि मोबाईल वडिलांच्याच हातात राहू द्यावा. बोटे चुकली तरी हिसकावून घेऊ नये. एक गोष्ट मात्र पुनःपुन्हा सांगावी: पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो देताना लागतो. आणि फसवणूक झालीच तर रागावण्यात वेळ न घालवता त्याच क्षणी १९३० क्रमांकावर व बँकेत कळवावे. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत असावा.