भूगोल-पाठ : मोसमी वाऱ्यांची माघार

सप्टेंबरात हवामान खात्याच्या अंदाजात ‘पश्चिम राजस्थानातून मोसमी वाऱ्यांच्या माघारीस प्रारंभ’ असे वाक्य येते. ते ऐकताच साऱ्या उत्तर भारतातला पाऊस संपला, असे मुलांना वाटते. ही समजूत या पाठाने दूर करावी.

माघार ठरविण्यासाठी खाते १ सप्टेंबरनंतर तीन खुणा पाहते : त्या भागात सलग ५ दिवस पाऊस नसणे, हवेच्या खालच्या थरांत प्रत्यावर्त, म्हणजे जास्त दाबाभोवती फिरणारे वारे, निर्माण होणे व बाष्प बरेच घटणे. प्रत्यावर्तात हवा खाली उतरून तापते. म्हणून ढग बनत नाहीत. २०२० पासून माघारीच्या प्रारंभाची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर मानतात.

२०२२ साली २० सप्टेंबरला नैर्ऋत्य राजस्थान व लगतच्या कच्छातून माघार जाहीर झाली. तरी त्याच आठवड्यात हरियाणात जोराचा पाऊस होऊन कापणीस आलेले भात आडवे झाले.

कृती : हे प्रदेश मुलांकडून नकाशावर दाखवून घ्यावेत. अंदाज वाचताना ‘कोणत्या भागासाठी? किती दिवसांसाठी?’ हे दोन प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लावावी. सोयाबीन काढणीच्या दिवसांत ती त्यांच्या घरीही उपयोगी पडेल.