तारेच्या पलीकडे कोण

१. इंटरनेट आपण घेतलं, तरी त्याचा उपयोग समोरच्याने घेतल्यावरच सुरू होतो. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला ते सर्वांसाठी खुलं केलं, पण फक्त महानगरांत. भिलाईच्या आमच्या वर्कशॉपपर्यंत मोडेम पोचायला आणखी काही वर्षं गेली. पोचला तेव्हा आमचं मोठं गिऱ्हाईक एकच होतं, पोलाद कारखाना. आणि त्याच्या निविदा कागदावरच निघत. ई-मेलचा पत्ता तयार होता, पण पत्र धाडायचं कुणाला?

२. पहिला खरा फायदा झाला तो ड्रॉइंगचा. नागपूरहून फॅक्स आला की शाफ्टच्या व्यासातला आकडा तीन आहे की आठ, हे ठरवायला पुन्हा एसटीडी लावावा लागे. त्यात फॅक्सचा तो गुळगुळीत कागद, मे महिन्यात उन्हात राहिला तर काळा पडे. स्कॅन केलेलं ड्रॉइंग मेलने उतरायला वेळ घेई, मध्येच कुणी फोन उचलला की पुन्हा पहिल्यापासून. पण एकदा उतरलं की आकडा मोठा करून पाहता येई. लेथवरच्या माणसाला याहून मोठी सोय दुसरी नाही.

३. उलथापालथ मात्र मालाच्या भावाने केली. आमच्या पोलाद कारखान्याची मालक सेल आणि टाटा स्टील यांनी २००१मध्ये मिळून मेटलजंक्शन काढलं आणि दुय्यम दर्जाचा माल, भंगार ई-लिलावात जाऊ लागलं. त्याआधी कुठला लॉट कितीला सुटला, ही बातमी भिलाईच्या पॉवर हाउस भागातल्या चहाच्या टपऱ्यांवर फिरे आणि ज्याच्या कानी आधी पडे तो कमावे. आता रायपूरचा रोलिंग मिलवाला आणि पंजाबातल्या मंडी गोबिंदगढचा व्यापारी एकच आकडा एकाच क्षणी पाहू लागले. मला हे मनापासून न्याय्य वाटतं. तरीही शब्दाला जागणारे कितीतरी दलाल तेव्हा रिकामे बसलेले पाहिले, त्याचं वाईट वाटतं. ढिगाच्या तळाच्या प्लेटी गंजलेल्या आहेत हे त्यांना ठाऊक असे, पडद्याला नसे. पुढे बाहेरगावच्या खरेदीदारांनी त्यांतल्या काहींना माल पाहून घ्यायला बोलावलं, तेव्हा बरं वाटलं.

४. पावसाळ्यात सगळं लाइनमनच्या हाती. बोली चढत असताना लाइन गेली तर लॉट गेला.

५. लवकर घेणाऱ्यांना ऑर्डरी वाढून मिळाल्या असं आमच्या वर्कशॉपांच्या ओळीत तरी मी पाहिलं नाही. सवय मिळाली, आणि तिची किंमत ई-टेंडर आल्यावर कळली. ज्यांचे हात की-बोर्डवर बसले होते ते आपली निविदा आपण भरू लागले. बाकीचे आजही ती बाहेरून भरून घेतात, आणि आपला भाव आधी अशा माणसाला सांगतात, जो शेजारच्या वर्कशॉपचीही निविदा भरतो.