लाइट गेली तरी निबंध राहिला पाहिजे



पावसाळा आला की आपल्या माळव्यात ढगांच्या गडगडाटाबरोबर लाइटचे जाणे-येणेही सुरू होते. गेलेली लाइट थोड्या वेळाने परत येते, पंखा फिरू लागतो. पण संगणकावर टाइप केलेला आणि सेव्ह न केलेला निबंध परत येत नाही. यात मराठी लिहिणाऱ्या मुलांचे नुकसान अधिक होते. दिवसभर हिंदी-इंग्रजीत वावरणाऱ्या आपल्या मुलांना मराठीची एकेक ओळ टाइप करायला वेळ लागतो. केलेले काम गेले की कंटाळा येतो आणि दुसऱ्यांदा लिहिताना दोन पानांचे एक पान होते. आजोबांनी सांगितलेली जुनी आठवण थेट संगणकावर उतरवली असेल, तर ती पुन्हा त्याच शब्दांत मिळेलच असे नाही. म्हणून या अंकात हा पाठ देत आहोत.

लिहिलेले जाते कुठे?

आपण टाइप करतो ते आधी संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये राहते. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या या स्मृतीची मूळ रचना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांची; तिचे पेटंट त्यांना १९६८ साली मिळाले. यात प्रत्येक खूण अगदी सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते आणि तो भार सतत गळत असतो. गळकी घागर भरलेली ठेवायची तर पुनःपुन्हा पाणी ओतावे लागते, तसा संगणक हा भार साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ वेळा, पुन्हा भरतो. वीज थांबली की भरणे थांबते आणि घागर रिकामी होते.

डिस्कचे तसे नाही. तिच्यावर लिहिलेले विजेवाचूनही टिकते. सेव्ह करणे म्हणजे रॅममधील मजकूर डिस्कवर उतरवणे. पडद्यावर अक्षर दिसते म्हणून ते लिहून ठेवले गेले, असे समजू नये.

पाच सवयी

१. नवी फाइल उघडताच, पहिले वाक्य लिहिण्याआधी, तिला नाव देऊन सेव्ह करावे. 'नवीन १' असे नाव नको. विषय, इयत्ता आणि तारीख असावी.

२. प्रत्येक परिच्छेदानंतर कंट्रोल आणि एस ही बटणे एकत्र दाबावीत. इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी टाइप करताना एसच्या जागी एकारान्त मात्रा असते. कंट्रोलसह तेच बटण दाबावे.

३. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या क्रमाने गेल्यास ऑटोरिकव्हरची वेळ दिसते. ती मुळात १० मिनिटे असते. २ मिनिटे करावी. मात्र ही सोय सेव्हची जागा घेत नाही. शेवटच्या नोंदीनंतर लिहिलेले तरीही जाऊ शकते.

४. फाइल बंद करताना संगणक 'सेव्ह करायचे का' असे विचारतो. घंटा झाली म्हणून घाईत 'नाही' वर टिचकी मारू नये, प्रश्न वाचावा.

५. सगळा मजकूर अचानक नाहीसा झाला तर घाबरून फाइल बंद करू नये. बहुधा तो चुकून निवडला जाऊन पुसलेला असतो. कंट्रोल आणि झेड दाबल्यास परत येतो.

गूगल डॉक्समध्ये काम आपोआप सेव्ह होते हे खरे, पण त्यासाठी इंटरनेट चालू हवे. लॅपटॉपला बॅटरी असते, घरातील राउटरला बहुधा नसते; लाइट गेली की नेटही जाते. ऑफलाइन कामाची सोय आधीच चालू करून ठेवावी.

पालक आणि विश्वस्तांसाठी

डेस्कटॉप संगणकाला यूपीएस असणे ही चैन नाही. पण त्याचे काम नीट समजून घ्यावे. छोटा यूपीएस तासभर काम करण्यासाठी नसतो. फाइल सेव्ह करून संगणक रीतसर बंद करण्यापुरती काही मिनिटे तो देतो. त्याची शिटी वाजली की आधी सेव्ह, मग बाकी सगळे. लेझर प्रिंटर त्यावर लावू नये; तो एकदम फार वीज ओढतो. बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षांत बदलावी लागते, आणि उन्हाळ्याच्या तापात ती लवकर उतरते. पावसाळ्याआधी, सर्व काम सेव्ह करून, यूपीएस किती वेळ टिकतो ते एकदा तपासून पाहावे.

घरी इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नये. लाइटवरून बॅटरीवर जाताना काही इन्व्हर्टर क्षणभर वेळ घेतात. दिवा नुसता मिचकतो, संगणक मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतो. काही इन्व्हर्टरवर यूपीएस असा वेगळा मोड असतो. संगणकासाठी तो लावावा.

तरीही गेलेच तर?

वर्ड पुन्हा उघडावे. ऑटोरिकव्हरची प्रत असल्यास बाजूला यादी दिसते. ती उघडून लगेच नाव देऊन सेव्ह करावी. कधीच सेव्ह न केलेल्या फाइलसाठी फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट येथे 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स' हा पर्याय आहे. तेथेही काही न मिळाल्यास, जेवढे आठवते तेवढे त्याच बैठकीत मुद्द्यांच्या रूपात वहीत उतरवावे. उद्यापर्यंत त्यातील निम्मे विसरलेले असते.

मुलांना आमचे सांगणे एवढेच, की आपल्या मेहनतीची राखण आपणच करायची असते. पालकांना नम्र विनंती, की मूल संगणकावर लिहीत असताना "किती झाले?" या प्रश्नाआधी "सेव्ह केले का?" हे विचारावे.

स्वाध्याय

१. रॅम आणि डिस्क यांतील फरक चार वाक्यांत लिहा.
२. घरच्या किंवा शाळेच्या संगणकावर ऑटोरिकव्हरची वेळ किती आहे ते पाहा आणि वहीत नोंदवा.
३. घरातील वडीलधाऱ्यांची एक आठवण ऐकून दहा ओळी मराठीत टाइप करा. किती वेळा सेव्ह केले ते खाली लिहा.